कप्तानची भांडी

"बाहेरून चमकवलं की झालं. आतून कोण बघतंय?"

हे तो माणूस आपल्या ड्रायव्हरला म्हणाला. हळूच म्हणाला, पण मी दाराशीच बसले होते, आणि हळू बोललेलं मला चटकन ऐकू येतं. मी स्वतः तसंच बोलते. त्याच्या हातात तांब्याचा एक मोठा हंडा होता. बाहेरून काळाकुट्ट, आतून नव्या कल्हईनं पांढराशुभ्र. त्यानं आत पाहिलंही नव्हतं.

वेरूळच्या रस्त्यावर नवीन रिसॉर्ट होत होतं, तिथं सजावटीसाठी जुन्या वस्तू घ्यायला तो आला होता. फुलंब्रीच्या अलीकडं एका गावात, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत आम्ही सगळे होतो. मैत्रीण नव्हती. पावसाळा संपता संपता तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याभरात ती गेली, त्याला दीड महिना झाला होता. तिचे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, बाजेवर बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं. "सगळंच न्या," ते त्या माणसाला म्हणाले. "हितं आलं की छातीत भरून येतंय. एकदाची खोली मोकळी करतो."

मी त्या दिवशी दोन कामं घेऊन गेले होते. एक वस्तू परत करायची होती आणि एक मागायची होती. परत करायची वस्तू माझ्या मांडीवर होती. मागायची समोर आढ्याला टांगलेली होती: लाखेच्या लाल-हिरव्या रंगाचा लाकडी पाळणा, पितळी साखळ्यांचा, प्रत्येक साखळीवर एक पोपट. माझ्या भावाला मुलगी झाली होती आणि पुढच्या रविवारी बारसं होतं. पाळणा मैत्रिणीनं गणपतीतच कबूल केला होता. "पाळणा तुमचा. पोरगी झाली तर आधी मला फोन, मंग डॉक्टरला." पोरगी झाली, तेव्हा फोन लावायला ती नव्हती.

ज्या घरातली मुलगी गेली त्या घरी पाळणा मागायचा कसा? आई म्हणाली होती, "विषय निघाला तर बघ. नाही तर भाड्यानं मिळतो." आमच्या घरात विषय आपोआप निघतात, कुणी काढत नाही. तिच्या घरी उलट होतं.

तिला आम्ही कप्तान म्हणायचो. शाळेच्या खो-खो संघाची ती कॅप्टन होती. गावातल्या लोकांनी ते ऐकलं आणि त्याचं कप्तान केलं, मग आम्हीही तेच उचललं. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी भाजीबाजारात, बँकेत, बसमध्ये कंडक्टरसुद्धा तिला कप्तानच म्हणायचा.

आमची शाळा शहरातली, इंग्रजी माध्यमाची. व्हरांड्यात मराठी बोलायला बंदी होती. मैदानावर मात्र 'खो'ला इंग्रजी शब्द सापडला नसल्यामुळे मराठीला परवानगी मिळाली होती, आणि कप्तान त्या परवानगीचा पुरेपूर वापर करायची. ती रोज गावाकडून बसनं यायची. दप्तरात डब्याच्या बाजूला नेहमी काहीतरी लोखंडी नाही तर पितळी असायचं.

मी संघात होते कारण मी जोरात पळायचे. अडचण एकच होती. खो-खोमध्ये पाठलाग करणारीनं रांगेत बसलेलीच्या पाठीवर हात मारून मोठ्यानं 'खो' म्हणायचं असतं, तेव्हाच बसलेली उठून पळू शकते. माझा हात लागायचा, शब्द लागायचा नाही. बसलेल्या मुली वळून माझ्याकडं बघायच्या. पंच शिट्टी वाजवायचे. फाऊल.

"ए सायलेंट," कप्तान म्हणायची, "रिंगटोन नाय तर नाय, व्हायब्रेट तरी हो."

एका आंतरशालेय सामन्यात माझे तीन 'खो' पंचांना ऐकूच आले नाहीत आणि आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये कुणी माझ्याशी बोलेना. कप्तान माझ्या शेजारी येऊन बसली आणि पूर्ण बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या पंचाच्या कानात ज्वारी पेरली असती तर हुरडा आला असता." मग दप्तरातून एक जुना अडकित्ता काढून तिनं सगळ्यांना सुपारीएवढे गुळाचे तुकडे करून वाटले. अडकित्त्याला दोन मोरांचे आकार होते. गूळ कापताना मोर एकमेकांच्या चोची चावत होते. हरल्याचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

पुढच्या सुट्टीत तिनं मला सरावासाठी शेतावर नेलं. ज्वारी दाण्यावर आली होती आणि पाखरं हाकलायला माणूस पाहिजे होतं. मला राखणीच्या माळ्यावर चढवून ती म्हणाली, "छाती भरून श्वास घे आन् वरड." मी ओरडले. चिमण्या निवांत दाणे टिपत राहिल्या. एक तर माझ्याकडं बघून जवळ आली, असं कप्तानचं म्हणणं होतं. शेवटी तिनं माझ्या हातात एक पत्र्याचा डबा आणि काठी दिली. "राहू दे. तुझ्या वतीनं डबा बोलंल."

त्याच शेतात पुढं काही वर्षांनी बुजगावण्याच्या अंगावर आमच्या शाळेचा ब्लेझर होता, टायसकट. मी विचारलं तर म्हणाली, "पाखरं विंग्रजीला लई भेतात."

बी.एस्सी. झाल्यावर तिनं सरळ शेती घेतली. भाऊ शेंद्र्याला कंपनीत लागला होता आणि नानांच्यानं होत नव्हतं. ती अद्रक लावायची, मका लावायची, बांधावर सीताफळं होती. बियाणं मोजायला जुनी पायली वापरायची. ट्रॅक्टर चालवताना गळ्यात एक मोठं कुलूप अडकवायची, का ते मला कधीच कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "ट्रॅक्टरला नजर लागू नये म्हणून. आन् ट्रॅक्टरवाल्याला बी."

कुलपाची गोष्ट शाळेपासूनची आहे. नारळाएवढं ते कुलूप तिनं एकदा 'माझा छंद' या प्रकल्पासाठी आणलं आणि चालतं की नाही बघायला खेळाच्या साहित्याच्या खोलीला लावलं. लागलं. निघेना. शिपाईकाकांनी हातोडी मारून पाहिली, सरांनी इंग्रजीत राग व्यक्त करून पाहिला. शेवटी शहागंजातून एक कुलूपवाले चाचा आणले. त्यांनी तासभर खटपट केली, घाम पुसला आणि म्हणाले, "बेटी, इसकू लगाने के पैले पूछना था." तेवढ्यात कप्ताननं सहज म्हणून किल्ली उलटीकडं फिरवली आणि कुलूप उघडलं. जुनी कुलपं कधी कधी उलटी असतात म्हणे. चाचा इतके खूश झाले, की त्या दिवसापासून त्यांच्या कुलपांच्या आणि भंगाराच्या दुकानात तिला कायमचं स्टूल मिळालं.

मी तिच्याबरोबर त्या दुकानात बऱ्याचदा गेले आहे. मी कोपऱ्यात उभी राहायचे. चाचा एखादी सुरई पुढं करायचे.

"कप्तान, ये देखो. असली निजाम के टाइम की."

"चाचा, निजाम के टाइम में बारकोड था क्या?" ती सुरई उलटी करून तळ दाखवायची.

"वो बाद में लगाया किसी ने."

"हां, निजाम ने लगाया होंगा, हिसाब के वास्ते."

ती शक्यतो पैसे द्यायची नाही, अद्रक द्यायची. चाचांच्या दुकानात दिवसभर चहा चालायचा, त्यामुळे त्यांचं काही बिघडायचं नाही. खेड्यापाड्यांतही तिचा हाच व्यवहार होता. गावोगाव भांडेवाल्या बायका जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देतात. ही स्टीलची नवी कोरी कढई द्यायची आणि माळ्यावर पडलेलं घंगाळ घेऊन यायची. घरातल्या सुना खूश व्हायच्या, सासवा रुसायच्या. सासवांना ती म्हणायची, "आजी, रुसू नका. घंगाळ तुमचंच हाय. नातवाला आंघोळ घालायची असंल तर घिऊन जा."

आणि ते खरं होतं. तिच्या संग्रहाची हीच तऱ्हा होती. तिथं बघायला म्हणून कुणी यायचं नाही, न्यायला यायचं. लग्नाला हंडे, बाळंतिणीला घंगाळ, पंगतीला पराती, बारशाला पाळणा. वर्षातून एकदा ती कल्हईवाल्याला शोधून आणायची. अंगणात भट्टी पेटायची आणि प्रत्येक तांब्याचं भांडं आतून पांढरं व्हायचं. बाहेरून घासायला मात्र ती कुणाला द्यायची नाही. मी एकदा मदत म्हणून एक तपेलं चिंचेनं बाहेरून घासायला घेतलं, तर तिनं ते हातातून काढून घेतलं. "बाहेरचं कुणी खात नाय. आतून साफ पायजे."

भांडं नेणाऱ्याला एकच अट होती. परत आणताना मोकळं आणायचं नाय. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही रीत घरोघरी असतेच. हिनं ती संपूर्ण तालुक्याला लावली. हंड्यातून मूठभर गहू यायचे, परातीतून लिंबं, पाळण्यातून घुगऱ्या आणि खारीक-खोबरं. एकदा एका पोराच्या मुंजीला नेलेल्या घंगाळात कोंबडीचं पिल्लू आलं होतं. मुंजीच्या घरून पिल्लू कसं आलं याचा कप्ताननं बराच शोध घेतला आणि शेवटी पिल्लाचं नाव बटू ठेवलं.

कुणाकडं काय आहे हे ती कुठंही लिहीत नसे. लक्षातही ठेवत नसे. "वस्तूला घर म्हाईत असतं," म्हणायची. एखादी वस्तू फार दिवस खोलीत पडून राहिली, की मात्र ती अस्वस्थ व्हायची. गावात कुणाचं लग्न निघतंय का बघायची. एक समई बरेच दिवस कुणी नेली नाही, तेव्हा तिनं एका मित्रावर लग्न कर म्हणून दबाव आणल्याचं मला माहीत आहे. त्यानं केलं. सुखात आहेत.

आता माझ्या मांडीवरच्या वस्तूबद्दल. आम्ही नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा कप्ताननं माझ्या आईला ती भेट दिली. बारीक कमरेची, रुंद तोंडाची, पितळी, सुंदर वेलबुट्टीची. आईला जुन्या वस्तूंची फार आवड, ओळख मात्र बेताची. तिनं त्यात शेवंती घालून ती दिवाणखान्यात मधोमध ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "अँटिक आहे. फुलदाणी." दिवाळीत आईचे मोठे मामा आले. त्यांचं बालपण जुन्या शहरात गेलेलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ फुलदाणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या घरमालकांकडं अशीच होती. पान खाऊन थुंकायचे तिच्यात."

आई दोन दिवस बोलली नाही. मग माझ्या फोनवरून तिनं स्वतः कप्तानला फोन लावला. "अगं, ती पिकदाणी आहे म्हणे."

"व्हय ना काकू," पलीकडून आवाज आला. तो स्पीकरवर नव्हता, तरी आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. धुतली व्हती की मी, आतून."

तेव्हापासून पिकदाणी बाल्कनीत होती. पण त्या दिवशी मी गावाला निघाले तर आईनं ती आत आणली, पुसली आणि म्हणाली, "देऊन टाक त्यांना. त्यांच्याकडं असू दे तिची आठवण." मी ती पिशवीत टाकणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब, रिकामी नको." आणि बाल्कनीतली शेवंती तोडून तिनं त्यात भरली.

तर ती घेऊन मी दाराशी बसले होते आणि रिसॉर्टचा माणूस भिंतीलगतच्या वस्तू एकेक बाजूला काढत होता. मध्येच म्हणाला, "फोनवर तुम्ही खोली भरून आहे म्हणाला होता. निम्मी तर रिकामीच दिसते."

नानांनी कानामागं हात धरला. काकूंनी, म्हणजे कप्तानच्या आईनं, त्यांच्या कानाशी जाऊन ते परत सांगितलं. नाना म्हणाले, "मला काय म्हाईत बाबा. तिचं तिलाच ठावं. गेलं असंल कुठंकुठं."

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. मागच्या सीटला दोरीनं बांधलेलं एक मोठं घंगाळ सोडवून एक माणूस आत आला. घंगाळात मक्याची कणसं होती. "नाना, कप्तानचं व्हतं. सून बाळंत झाली तवा नेलं व्हतं." तो इकडंतिकडं बघत उभा राहिला. "आणायला उशीर झाला."

"हेही घेतो," रिसॉर्टचा माणूस म्हणाला आणि तळाला भोक आहे का पाहायला घंगाळ कलतं करू लागला. दोन कणसं जमिनीवर गडगडली.

"अवं, थांबा की," काकू म्हणाल्या. त्यांनी सूप आणलं, कणसं त्यात काढून घेतली, खाली पडलेली दोन पदरानं पुसून वर ठेवली. सगळं सावकाश केलं. तो माणूस घंगाळ धरून उभा राहिला.

मग एक आजी आल्या, डोक्यावर परात, परातीत सीताफळं. मग कुणाचा तरी मुलगा कळशी देऊन गेला, आत हळकुंडं. काकू दर वेळी काहीतरी आणून भांडं रिकामं करत होत्या. नाना बघत होते. "किती लोकांकडं हाय गं हे?" ते म्हणाले, पण कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

रिसॉर्टच्या माणसाची नजर आता माझ्या मांडीवर आली.

"हा फ्लॉवरपॉट तर फारच सुंदर आहे," तो म्हणाला. त्यानं तो उचलला आणि शेवंतीचा वास घेतला. "हा रिसेप्शनवर मधोमध ठेवायचा."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी काकूंकडं पाहिलं. त्यांना सगळी गोष्ट ठाऊक होती. कप्ताननं ती गावभर सांगितली होती, आईच्या आवाजासकट. काकूंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं त्या रडतायत.

"काय झालं?" नाना म्हणाले.

काकू त्यांच्या कानाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पिकदाणी!"

"आँ?"

"पिकदाणी हाय ती! वास घिऊन राह्यला तो!"

नाना आधी नुसते बघत राहिले. मग बाजेवर हात आपटून हसायला लागले. मोटारसायकलवाला हसला, सीताफळवाल्या आजी हसल्या, ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. त्या घरात दीड महिन्यात कुणी हसलं नसावं, कारण हसणं संपल्यावर सगळ्यांना जरा चुकल्यासारखं झालं. नानांनी डोळे पुसले आणि ते खाली बघत बसले.

रिसॉर्टच्या माणसानं पिकदाणी माझ्या हातात परत दिली आणि रुमालाला हात पुसले. "बरं," तो म्हणाला. "गाडी भरायला घेऊ या?"

नानांनी मान हलवली.

ड्रायव्हर स्टुलावर चढला आणि त्यानं सगळ्यात आधी पाळण्याच्या साखळीला हात घातला. पोपट एकमेकांवर आपटून वाजले. काकू पटकन वळून अंगणाकडं बघायला लागल्या. पूर्ण वेळ त्यांनी त्या पाळण्याकडं बघितलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं. मागितलं तर त्यांना लागेल. नाही मागितलं तर पाळणा एखाद्या हॉटेलात कुंड्या ठेवायला जाईल, आणि त्याच्या पाठोपाठ सगळंच जाईल, ही लोकं जे जे आणून देतील ते सगळं.

"नाना, तो पाळणा..." मी म्हणाले.

कुणालाच ऐकू आलं नाही. ड्रायव्हरनं एक साखळी सोडवली.

"नाना," मी पुन्हा म्हणाले.

नानांनी वर पाहिलं. माझे ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. "काय म्हणलीस, बाळ?" त्यांनी कानामागं हात धरला.

पाठीवर हात पडल्याशिवाय उठायचं नाही, याची मला सवय होती. हात मारणारी नव्हती. मी पिकदाणी खाली ठेवली आणि उभी राहिले. छाती भरून श्वास घेतला, कप्ताननं माळ्यावर घ्यायला सांगितला होता तसा. माझा आवाज एवढा मोठा आला, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली, काकू अंगणाकडून वळल्या आणि ड्रायव्हरनं साखळी सोडून दिली.

"नाना, पाळणा मला पाहिजे. रविवारी आमच्याकडं बारसं आहे. मोकळा आणणार नाय."